कोडीला दोन रात्री

परदेशी सहली नेणाऱ्या माणसाला ठरावीक प्रश्नांची सवय होऊन जाते. जेवण किती वाजता, खोलीत केटल आहे का, खरेदीला वेळ मिळेल का. त्यांची उत्तरं तोंडावर असतात. एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र मला काही उन्हाळे लागले. "ताई, हे खरंखुरं आहे, की आपल्यासारख्या पर्यटकांसाठी मांडलंय?" हा प्रश्न जगात कुठेही येतो. पण अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कोडी या गावात तो जितक्या वेळा कानावर पडतो, तितका दुसरीकडे कुठे पडत नाही.

आमच्या कंपनीच्या अमेरिकेच्या सहलीत कोडी येतं ते यलोस्टोनमुळे. साउथ डकोटात माउंट रशमोरचे चार राष्ट्राध्यक्षांचे पुतळे बघायचे, दिवसभर बस हाकत बिगहॉर्न डोंगर ओलांडायचा आणि रात्री कोडीला टेकायचं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सामान बसमध्ये टाकून यलोस्टोनच्या पूर्व दरवाजाकडे निघायचं. तो दरवाजा इथून पन्नासेक मैलांवर आहे. बहुतेक कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कोडीच्या नावापुढे एवढंच असतं: 'रात्रीचा मुक्काम'. गाव आहे जेमतेम दहा हजार वस्तीचं, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, शोशोनी नदीच्या काठी. शेरिडन अव्हेन्यू हा एकच मोठा रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना बुटांची, टोप्यांची, चामड्याच्या सामानाची दुकानं, खाणावळी, बार आणि हॉटेलं. रस्ता इतका रुंद की पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला आधी त्याचंच नवल वाटतं.

गावाला नाव आहे विल्यम फ्रेडरिक कोडीचं. हाच जगाला 'बफेलो बिल' म्हणून माहीत झाला. १८४६चा जन्म. लष्करासाठी वाटाड्याचं काम केलं, रेल्वेचा मार्ग टाकणाऱ्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी गवे मारले, आणि १८८३ मध्ये 'वाइल्ड वेस्ट' हा प्रचंड खेळ उभा केला. घोडदौड, नेमबाजी, टपालगाडीवरचा हल्ला, रानगव्यांची शिकार, सगळं मैदानात, शेकडो माणसं आणि जनावरं घेऊन. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात हा खेळ इंग्लंडला गेला आणि खुद्द राणीने तो पाहिला. असा हा खेळिया १८९०च्या दशकात काही भागीदार घेऊन या कोरड्या पठारावर आला आणि त्याने गाव वसवलं. १९०१ मध्ये रेल्वे गावापर्यंत पोचली. १९०२ मध्ये त्याने गावात हॉटेल बांधलं आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं, 'इर्मा'. यलोस्टोनच्या वाटेवर पुढे आणखी दोन मुक्काम उभे केले. त्यातलं १९०४चं लाकडी 'पहास्का टीपी' उद्यानाच्या दरवाजाजवळ आजही उभं आहे. पर्यटकाने आगगाडीतून उतरावं, इर्मात रात्र काढावी, वाटेत थांबत थांबत यलोस्टोन गाठावं, अशी ही आखणी होती. आमच्या कंपनीचा माणूस संगणकावर बसून आज जो मार्ग काढतो, तो या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी घोडागाडीच्या हिशेबाने काढला होता.

हे नीट समजलं आणि माझी गावाकडे बघण्याची नजर बदलली. आपण समजतो की आधी गाव असतं, त्याचं आपलं जगणं असतं, आणि मग कधीतरी पर्यटक येऊन त्याचा बाजार होतो. कोडीची गोष्ट उलटी आहे. पाहुण्याची सरबराई हा या गावाचा मूळ धंदा. शेती आणि पशुपालनही आहे, तेलही निघालं. पण पहिल्या दिवसापासून गावाने डोळे लावले ते आगगाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे. त्यामुळे 'पर्यटकांसाठी मांडलंय' हा इथे ठपका ठरत नाही. ती या गावाची खानदानी वहिवाट आहे.

इर्मा हॉटेल अजून चालू आहे. आत शिरलं की जेवणघरात एका भिंतीला चेरीच्या लाकडाचा भलाथोरला कोरीव बार दिसतो. खांब, कमानी, मधोमध आरसे. हा बार राणी व्हिक्टोरियाने बफेलो बिलला भेट दिला, अशी आख्यायिका गावात सांगतात. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये आणि हॉटेल उघडलं नोव्हेंबर १९०२ मध्ये. मी ग्रुपला दोन्ही गोष्टी सांगते, आख्यायिका आख्यायिका म्हणून आणि तारखा तारखा म्हणून. आमच्या कामात ही शिस्त फार जपावी लागते. माणसं आपल्या भरवशावर परगावची गोष्ट घरी घेऊन जातात, नातवंडांना सांगतात. तिथे रंजक तेवढं सांगून मोकळं होता येत नाही.

याच जेवणघरात माझं निम्मं काम असतं. कोडी हे गोमांसाचं गाव. संध्याकाळी भाजलेल्या बरगडीच्या मांसाचा मोठा खंड कापून वाढतात, त्यासाठी लांबून लोक येतात. गव्याच्या मांसाचे बर्गर, स्टेक, आणि बैलाच्या अंडाचे तळलेले तुकडे हीदेखील इथली नावाजलेली डिश. आणि माझ्या ग्रुपमध्ये माळकरी असतात, जैन असतात, चातुर्मास पाळणाऱ्या मावशी असतात, 'चिकन चालेल पण बीफच्या भांड्यातलं नको' म्हणणारे काका असतात. म्हणून गाव यायच्या आधीच फोन होतो आणि पोचल्या पोचल्या मी मुदपाकखान्यात जाते. शाकाहारी शब्दावर थांबून चालत नाही, एकेक पदार्थ विचारावा लागतो. बीन्स शिजवताना त्यात डुकराच्या चरबीचा तुकडा टाकलाय का? सूप कुठल्या पाण्यात केलंय? बटाटे कुठल्या तेलात तळले, त्यात आधी मांस तळलं होतं का? जैन मंडळींना तर भाजलेला बटाटाही चालत नाही. मग मक्याची कणसं, सॅलड, चीज घालून भाजलेला पाव, फळं असं ताट जुळवायचं.

एका खाणावळीतल्या मुख्य आचारी बाईंची गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. साठीच्या पुढच्या, गावातच वाढलेल्या. मी यादी पुढे केली तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचून काढली. कांदा, लसूण, बटाटा चालत नाही या ओळीवर थांबून त्यांनी कारण विचारलं. जमिनीखाली वाढणारं उपटताना जीव मरतात म्हणून, असं मी सांगितलं. त्या क्षणभर विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी रँचवर वाढले. जनावर मारून खाणाऱ्या घरातली आहे. पण तुमच्या लोकांनी इतका विचार केलाय, तर मलाही नीट करायला हवं." वेगळी कढई धुऊन घेतली, नवं तेल ओतलं, भोपळी मिरची, मशरूम आणि मका परतला. मशरूम जैनांना चालत नाहीत हे मी सांगितल्यावर ते तेवढ्याच शांतपणे वेचून काढले. त्या रात्री आमच्यातल्या आजींनी जेवण झाल्यावर आत जाऊन त्यांचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आदरातिथ्य म्हणजे काय हे मी कुठल्याच प्रशिक्षणवर्गात इतकं स्पष्ट शिकले नाही.

दुकानांचं म्हणाल तर टोपीच्या दुकानात मी ग्रुपला हमखास नेते, कुणाला घ्यायची नसली तरी. चांगली काउबॉय टोपी सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांच्या नमद्याची असते. येते तेव्हा ती कोरी असते, डोक्याचा भाग गोल आणि कडा सपाट. दुकानदार गिऱ्हाईकाचं डोकं मापतो, चेहरा बघतो, मग वाफेच्या नळीवर टोपी धरून नमदा मऊ करतो. बोटांनी वरची घडी पाडतो, कडा दोन्ही बाजूंनी उचलतो, पुढून जरा खाली दाबतो. बघता बघता टोपीला त्या माणसाचा तोंडवळा येतो. या वळणावरून जाणकार ओळखतात की माणूस कुठल्या भागातला. टोपी काढून ठेवायची तर उताणी ठेवायची, कडेवर ठेवली तर वळण मोडतं, हेही तो बजावून सांगतो. आमच्या एका निवृत्त बँक अधिकारी काकांना त्याने अर्धा तास दिला. शेवटी काकांनी किंमत ऐकून टोपी परत केली तेव्हाही त्याच्या कपाळावर आठी आली नाही. गिऱ्हाईक पुन्हा येवो न येवो, हातातलं काम पुरतं करायचं, हा त्या दुकानाचा बाणा.

आता मूळ प्रश्नाकडे. उन्हाळ्यात संध्याकाळी इथे रस्त्यावर जुन्या वेशातली मंडळी बंदुकीच्या चकमकीचं नाटक करतात. बार उडतात, माणसं धाडकन पडतात, मुलं टाळ्या वाजवतात. हे नाटक आहे आणि ते नाटक म्हणूनच होतं. ते बघून माणसं रात्रीच्या रोडिओकडे, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर टिकून राहायच्या खेळाकडे, निघतात तेव्हा त्यांच्या मनात असतं की तिथेही असंच काहीतरी असणार. कोडीत १ जून ते ३१ ऑगस्ट दर रात्री रोडिओ होतो. १९३८पासून ही प्रथा आहे. जुलैच्या पहिल्या चार दिवसांत 'कोडी स्टॅम्पीड' हा मोठा, देशभरच्या नामवंत स्वारांचा रोडिओ असतो. तो १९१९पासूनचा. सुरुवातीच्या वर्षांत त्याची धुरा कॅरोलिन लॉकहार्ट या कादंबरीकार आणि पत्रकार बाईंकडे होती, ही गोष्ट मी ग्रुपमधल्या मुलींना आवर्जून सांगते.

आठ वाजता खेळ सुरू होतो. इथे जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे पहिला तासभर उजेडच असतो. मग वारा सुटतो आणि पठारावरची थंडी अंगात शिरते. स्वेटर घ्या, असं मी बसमध्ये तीनदा सांगते. मैदानाच्या एका टोकाला लोखंडी कप्पे असतात. कप्प्यात घोडा किंवा बैल, आणि वरून त्याच्या पाठीवर हळूच उतरणारा स्वार. तो एका हाताने पकड घट्ट करतो आणि मान हलवतो. फाटक उघडतं. मग आठ सेकंद. तेवढा वेळ टिकायचं, तेही एका हाताने. दुसरा हात जनावराला किंवा स्वतःला लागला की बाद. आठ सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण चारही पाय हवेत फेकणारा, मध्येच गर्रकन फिरणारा घोडा डोळ्यांसमोर असतो तेव्हा भोंगा वाजेपर्यंत श्वास अडकून राहतो. बरेचसे स्वार त्याआधीच मातीत आपटतात. बैलावरचा पडला की रंगीबेरंगी कपडे घातलेली दोन माणसं धावत बैलाच्या तोंडासमोर जातात आणि त्याचं लक्ष आपल्याकडे ओढून घेतात. बघणाऱ्याला ते विदूषक वाटतात. खरं तर पडलेल्या माणसाचा जीव त्यांच्या पायांवर असतो.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले एक काका एका सहलीत होते. तरुणपणी त्यांच्या दावणीला शर्यतीची खोंडं असायची. बाकीचे स्वाराकडे बघत होते, काका जनावराकडे. "ताई, हा बैल कुणाचा?" त्यांनी विचारलं. रोडिओला जनावरं पुरवणारे वेगळे धंदेवाईक असतात, स्वाराच्या वाट्याला कुठलं जनावर येईल ते चिठ्ठीवर ठरतं, असं मी सांगितलं. मग गुणांची पद्धत सांगितली. एकूण गुण शंभर. त्यातले पन्नास स्वाराला आणि पन्नास जनावराला, ते किती जोरात आणि किती अवघड उधळलं त्यावर. काका एकदम ताठ बसले. "निम्मे गुण बैलाला? मग ही माणसं बैलाला मानत्यात." त्यानंतर तासभर ते शेजारच्यांना समजावत होते: हा बघा मागचे पाय कसे झाडतोय, याची पाठ बघा, हा चांगल्या चाऱ्यावरचा आहे. बैलगाडा शर्यतीच्या घाटात उभ्या राहिलेल्या माणसाला रोडिओ समजायला माझी गरज लागत नाही, हे मी त्या रात्री पाहिलं. तीच धूळ, तोच घोळका, त्याच जनावराच्या कुळाच्या गप्पा.

रोडिओतलं सगळंच बघवतं असं नाही. वासराला फास टाकण्याचा एक प्रकार आहे. घोडा भरधाव, समोर पळणारं वासरू, दोर गळ्यात पडतो, स्वार उडी टाकून वासराला आडवं पाडतो आणि तीन पाय बांधतो. रँचवर जनावराला डाग द्यायला, औषध पाजायला रोजच हे करावं लागायचं; मेक्सिकोतल्या गुराख्यांकडून अमेरिकेतले काउबॉय ही दोरीची विद्या शिकले. पण वासराच्या मानेला बसणारा तो हिसका पाहून आमच्यातल्या कितीतरी बायका तोंड फिरवतात. मी आधीच सांगून ठेवते की हा भाग नको असेल तर बाहेर चहा-कॉफीला चला. अमेरिकेतही प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक रोडिओला विरोध करतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि मे २०२३ मध्ये राज्याने केलेला कायदा वैध ठरवला. हा इतिहास माहीत असलेली माणसं रात्री हॉटेलच्या लॉबीत बसून तावातावाने बोलतात. वाळव्याचे काका एका बाजूला, पुण्यातल्या एक प्राध्यापिका दुसऱ्या बाजूला. तो वाद मी मिटवत नाही. सहलीवरून परतताना माणसाने फोटोंसोबत एखादा न सुटलेला प्रश्नही नेला तर मला बरं वाटतं.

मला स्वतःला सगळ्यांत भिडतं ते खेळ संपल्यावरचं दृश्य. बस लांब उभी असते, म्हणून आम्ही मागच्या बाजूने चालत जातो. तिथे स्वार आपलं सामान आवरत असतात. वीस-बावीसची पोरं. कुणी मनगटाची चिकटपट्टी सोलतोय, कुणी खोगीर उचलून गाडीच्या हौद्यात टाकतोय, कुणी लंगडतोय. इथे भाग घ्यायला स्वारालाच प्रवेश-फी भरावी लागते आणि बक्षीस मिळतं ते जिंकणाऱ्यालाच. मातीत पडलेल्याच्या हाती त्या रात्री काही येत नाही. कित्येक जण दिवसा रँचवर किंवा दुसऱ्या कामावर जातात आणि संध्याकाळी इथे उतरतात. उद्या पुन्हा आठ वाजता यायचं असतं. प्रेक्षक पर्यटक आहेत, तिकीट पर्यटकांनी काढलंय, म्हणून त्या मुलाची बरगडी कमी दुखत नाही. प्रेक्षकासाठी केलेलं असणं आणि खरं असणं या एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी नाहीत, हे मला या गाड्यांच्या तळावर समजलं. करणारा त्यात किती जीव ओततो यावर ते ठरतं.

पण एवढ्यावर कोडी संपत नाही. गावाच्या पश्चिम टोकाला 'बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट' आहे. १९२७ मध्ये एका लाकडी घरात सुरू झालेलं हे संग्रहालय आज एका छपराखाली पाच संग्रहालयं सामावून आहे: बफेलो बिल, मैदानी प्रदेशातले मूलनिवासी, पश्चिमेची चित्रकला, बंदुका आणि निसर्गविज्ञान. बाहेर गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी यांनी घडवलेला घोड्यावरचा बफेलो बिल आहे, १९२४ सालचा. बंदुकांच्या दालनात पुरुषमंडळी रमतात. मी मात्र सगळ्यांना आधी मूलनिवासींच्या दालनात नेते.

तिथे काचेमागे लहान मुलाला पाठीवर वाहायची एक मण्यांनी मढवलेली झोळी आहे. मणी जवारीच्या दाण्याहून बारीक, एकाला लागून एक, सबंध चामडं झाकून टाकणारे. काचेचे मणी युरोपीय व्यापाऱ्यांनी आणले. त्याआधी मूलनिवासी बायका साळिंदराचे काटे रंगवून, दातांनी चपटे करून चामड्यावर शिवत असत. आमच्यातल्या भरतकाम करणाऱ्या मावशी त्या काचेपुढून हलत नाहीत. मी तिथेच उभं राहून गव्यांची गोष्ट सांगते. या लोकांचं अन्न, कपडे, तंबू, हत्यारं सगळं गव्यापासून. कोट्यवधींच्या संख्येने असलेले हे गवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजाराच्याही खाली आले. कातड्यासाठी, रेल्वेसाठी, आणि मूलनिवासींना जेरीस आणण्यासाठी. बफेलो बिलला ज्या कामाने नाव मिळवून दिलं ते याच संहारातलं. त्याच बफेलो बिलच्या खेळात १८८५च्या हंगामात मूलनिवासी लकोटांचा मोठा पुढारी सिटिंग बुल सामील झाला होता. कितीतरी लकोटा माणसं पुढे या खेळातून जग फिरली. आपल्याच पराभवाचं नाटक रोज करायचं, त्याचे पैसे घ्यायचे, आणि राखीव प्रदेशात जे नाच-विधी सरकारने बंद केले ते मैदानात उघडपणे करायचे. या माणसांबद्दल बोलताना माझा आवाज दर वेळी जड होतो. खेळ करणाऱ्याला खेळातून काय वाचवता येतं, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

कोडीपासून काही मैलांवर शोशोनी नदीच्या घळीत बफेलो बिल धरण आहे. १९१० मध्ये पुरं झालं तेव्हा ३२५ फूट उंचीचं हे जगातलं सर्वांत उंच धरण होतं. बफेलो बिलने खाजगी कालव्याची स्वप्नं पाहिली, पैसा पुरला नाही, मग सरकारने काम हाती घेतलं. आमच्यातले पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते कठड्याला टेकून किती वेळ त्या अरुंद कमानीकडे बघत राहतात. गावाच्या कडेला 'ओल्ड ट्रेल टाउन'ही आहे. बॉब एडगर यांनी १९६७पासून ठिकठिकाणची मोडकळीला आलेली लाकडी घरं उचलून आणून इथे ओळीने उभी केली. त्यातल्या एका खोपट्यात बुच कॅसिडी या दरोडेखोराची टोळी जमायची. तासाभरात बघून होतं.

वेळ राखून ठेवावा तो हार्ट माउंटनसाठी. कोडीहून पॉवेल गावाच्या वाटेवर, पंधरा मैलांच्या आत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबलं. त्यांच्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. त्यातली एक छावणी इथे, ऑगस्ट १९४२ ते नोव्हेंबर १९४५. एका वेळी दहा हजारांवर माणसं. त्या काळात वायोमिंगमधलं हे तिसऱ्या क्रमांकाचं 'शहर' होतं. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, आणि फळ्यांना डांबरी कागद ठोकलेल्या बराकींत वायोमिंगचा हिवाळा. आज तिथे एक चांगलं माहिती केंद्र आहे. दवाखान्याच्या बॉयलरची विटांची चिमणी अजून उभी आहे, एक मूळ बराक परत आणून दुरुस्त केली आहे, आणि छावणीत राहून अमेरिकेच्या सैन्यात गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. या छावणीत कॅलिफोर्नियाहून आणलेला नॉर्मन मिनेटा नावाचा मुलगा होता. कोडीच्या स्काउट मुलांचं पथक छावणीत भेटीला गेलं, त्यात अ‍ॅलन सिम्पसन होता. दोघांची मैत्री झाली. पुढे मिनेटा डेमोक्रॅट म्हणून प्रतिनिधीगृहात गेले, सिम्पसन रिपब्लिकन म्हणून सिनेटमध्ये. हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला माफी आणि वीस हजार डॉलर देणारा १९८८चा कायदा झाला, त्यात दोघांचा वाटा होता.

ही जागा कार्यक्रमपत्रिकेत घालायला सुरुवातीला विरोध झाला. 'सुट्टीवर आलेल्या माणसाला हे दुःख कशाला दाखवायचं?' असं मला विचारलं गेलं. माझा अनुभव वेगळा आहे. लोक तिथे घाईने बाहेर येत नाहीत. फाळणीत कराचीहून आलेल्या घरातल्या एक आजी तिथे सामानाच्या एका पेटीपुढे थांबल्या. माणशी दोन हातांत मावेल तेवढंच घ्यायची परवानगी होती, हे मी वाचून दाखवलं. त्यांनी मग बसमध्ये पहिल्यांदाच आपल्या आईने काय घेतलं आणि काय टाकलं ते सगळ्यांना सांगितलं. ज्या गावाने आपली अवघड बाजू झाकून ठेवली नाही, त्या गावात पाहुण्यालाही स्वतःबद्दल बोलावंसं वाटतं.

हंगाम तीन-चार महिन्यांचा. नोव्हेंबर लागला की यलोस्टोनचा पूर्व दरवाजा मोटारींना बंद होतो, गाव आपल्यापुरतं उरतं, आणि उन्हाळ्यातल्या कमाईवर कितीतरी घरांचं वर्ष निघतं. टोपीवाला, आचारी बाई, रोडिओतली पोरं, संग्रहालयातले स्वयंसेवक आजोबा, या सगळ्यांचा आणि माझा धंदा एकच. परक्या माणसाला थोड्या वेळात काहीतरी खरं द्यायचं. त्यांच्याकडे बघून मी माझ्या कामाचा एक नियम केला आहे. दाखवायच्या जागा कमी झाल्या तरी चालतील, पण जिथे थांबायचं तिथे पुरेसं थांबायचं.

म्हणून आता मी कंपनीशी भांडून कोडीला दोन रात्री घेते. पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर फिरणं आणि जेवण. दुसऱ्या सकाळी हार्ट माउंटन, दुपारभर संग्रहालय, रात्री रोडिओ. क्रम मुद्दाम असा ठेवते. गवे आणि लकोटा समजल्यावर, तारेमागची मुलं समजल्यावर रोडिओ बघणारा माणूस वेगळ्या नजरेने बघतो. त्याला काउबॉयची टोपी दिसते तशी त्या टोपीखालची जमीनही दिसते. संग्रहालयाचं तिकीट लागोपाठ दोन दिवस चालतं, त्यामुळे पाय दुखणाऱ्यांनी अर्धं पुढच्या दिवशी बघितलं तरी हरकत नाही. तुम्ही स्वतःच्या गाडीने यलोस्टोनला निघाला असाल तरी माझं सांगणं हेच आहे: उद्यानातला एक दिवस कमी करा आणि तो कोडीला द्या. स्वेटर बरोबर ठेवा, बीन्समध्ये काय घातलंय ते विचारून घ्या, आणि रोडिओ सुटल्यावर लगेच गाडीकडे धावू नका. मागच्या बाजूने जा, तिथे कुणी खोगीर आवरत असेल तर त्याला 'छान झालं' म्हणून सांगा. त्याने रात्रभर तुमच्यासाठी काम केलेलं असतं.